रास्पबेरी पायच्या साठवणीचा वेग: काय मोजायचं, कसं मोजायचं

मायक्रोएसडी कार्डाच्या पाकिटावर ‘१७० एमबी प्रति सेकंद’ असं ठळक छापलेलं असतं. ते कार्ड रास्पबेरी पाय ४मध्ये घातलं, तर सेकंदाला ४०-४५ एमबीच्या वर काही मिळत नाही, कारण या बोर्डाचा कार्ड-स्लॉटच ५० एमबीच्या पुढे जाऊ शकत नाही. इथपर्यंत बरेच जण येतात आणि महागडं कार्ड घेतल्याबद्दल हळहळतात. पण बोर्ड अडखळतो तो या आकड्यामुळे नव्हे. सिस्टिम सुरू होताना, पॅकेजं अपडेट होताना, होम असिस्टंटसारखा प्रोग्राम दर काही सेकंदांनी डेटाबेसमध्ये नोंदी करताना कार्डावर जातात ते जेमतेम चार-चार केबीचे तुकडे, आणि तेही एका जागी नाही, तर कार्डभर विखुरलेले. सलग वाचताना ४० एमबी देणारं कार्ड असे तुकडे लिहिताना सेकंदाला एक-दोन एमबीवर येतं. हलक्या प्रतीचं कार्ड त्याहूनही खाली. आपल्याला हवा असतो तो हा आकडा, आणि तो स्वतःच मोजावा लागतो.

मोजायला बसण्याआधी आपला बोर्ड जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते माहीत हवं. रास्पबेरी पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांवर कार्डाची वाट सेकंदाला २५ एमबीची: चार तारा, ५० मेगाहर्ट्झ, हिशोब सरळ आहे. त्या बोर्डांवर यूएसबी २ होतं आणि नेटवर्कचं पोर्टही त्याच यूएसबीच्या वाटेवर बसवलेलं होतं. कागदावर ६० एमबी, हातात ३०-३५, आणि नेटवर्क चालू असेल तर त्यातही वाटणी. पाय ४ने यूएसबी ३ आणलं. चांगली साटा एसएसडी तिथे ३०० एमबीच्या पुढे सहज जाते. पाय ५च्या स्लॉटची मर्यादा १०४ एमबीपर्यंत वाढली, प्रत्यक्षात ८०-९० मिळतात. शिवाय या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसची एक लेन बाहेर काढून दिली आहे. दुसऱ्या पिढीच्या वेगाने तिची कागदावरची मर्यादा ५०० एमबी, प्रत्यक्षात ४००च्या आसपास. सेटिंग बदलून तिसऱ्या पिढीचा वेग लावता येतो आणि आकडा जवळपास दुप्पट होतो. मात्र त्या वेगासाठी बोर्ड अधिकृतपणे प्रमाणित नाही, हे लक्षात ठेवूनच तो वापरावा. सेकंदाला ७,००० एमबी देणारी एनव्हीएमई एसएसडी या बोर्डासाठी विकत घेऊ नये, इतकं या आकड्यांवरून मोजमापाआधीच कळतं.

आधी स्वतःचं काम बघा

बहुतेक लोक बेंचमार्कचा प्रोग्राम आधी चालवतात आणि आलेल्या आकड्याचा अर्थ नंतर शोधतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. ‘सिसस्टॅट’ नावाचं पॅकेज टाका, त्यातली ‘आयओस्टॅट’ ही कमांड सविस्तर पर्यायासह दर पाच सेकंदांनी चालू ठेवा आणि बोर्डाला त्याचं रोजचं काम तासभर करू द्या. सेकंदाला किती वाचनं झाली, किती लेखनं झाली, प्रत्येक लेखन सरासरी किती केबीचं होतं, विनंतीला किती मिलिसेकंद थांबावं लागलं, हे सगळं त्यात दिसतं. लेखनाचा सरासरी आकार आठ-दहा केबी दिसला तर सलग लेखनाची चाचणी तुमच्या कामाची नाही. कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या बोर्डावर तोच आकार शेकडो केबी दिसेल. तिथे सलग वेगच महत्त्वाचा. या कमांडमध्ये ‘युटिल’ नावाचा टक्केवारीचा स्तंभ असतो. तो शंभराला टेकला म्हणजे साठवण पूर्ण दमली असं समजू नका. एसएसडी एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा स्तंभ दिशाभूल करतो. थांबण्याच्या वेळेकडे बघा.

फाइल सर्व्हर म्हणून वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर काही जात नाही. डिस्क ३०० देते की ४००, हे मोठ्या फाइली नेटवर्कवरून ओढणाऱ्याला कळणारही नाही.

वीज, उष्णता आणि बाकीची वर्दळ

या छोट्या बोर्डांवर साठवणीचे विचित्र आकडे येतात त्याचं कारण पुष्कळदा साठवणीत नसतंच, वीजपुरवठ्यात असतं. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की रास्पबेरी पाय त्याची नोंद घेतो आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. ‘व्हीसीजेनकमांड’ला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारलं की ही नोंद वाचता येते. उत्तर शून्य हवं. शून्याखेरीज काही आलं, तर बोर्ड सुरू झाल्यापासून केव्हातरी वीज कमी पडली आहे किंवा बोर्ड तापला आहे. ही विचारणा चाचणीआधी करा आणि चाचणीनंतरही करा. मधल्या काळात नोंद उमटली असेल तर तो आकडा टाकून द्या. पाय ५ला पाच व्होल्ट, पाच अँपिअरचा अडॅप्टर लागतो. तीन अँपिअरचा लावला तर बोर्ड सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. पोर्टवरूनच वीज घेणारी एसएसडी जोरात लिहायला लागली की तेवढ्यात भागत नाही, ती मध्येच तुटते, पुन्हा जोडली जाते, आणि आपण दोष फाइल सिस्टिमला देतो.

प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोचला की वेग कमी व्हायला सुरुवात होते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर असते. तिथे जानेवारीत आणि मेमध्ये घेतलेले आकडे एकमेकांशेजारी मांडताना तापमानाची नोंद नसेल तर तुलनेला अर्थ नाही. पंखा लावा, तापमान लिहून ठेवा.

प्रोसेसर आपला वेग कामानुसार वरखाली करत असतो. चार केबीच्या विखुरलेल्या चाचणीत प्रोसेसर बराच वेळ साठवणीची वाट बघत बसतो. सिस्टिमला वाटतं काम नाही, म्हणून ती त्याचा वेग उतरवते, आणि मग प्रत्येक विनंती थोडी आणखी रेंगाळते. ‘परफॉर्मन्स’ या मोडवर ठेवून मोजलं तर आकडा वर जातो. कुठल्याही मोडवर मोजा, पण ज्या दोन गोष्टींची तुलना करायची त्या दोन्हींसाठी तोच मोड हवा. पार्श्वभूमीवर चालणारी अपडेटं थांबवा, आणि कार्ड काठोकाठ भरलेलं असेल तर आधी जागा मोकळी करा, कारण भरलेल्या फ्लॅशला लिहिण्यासाठी जागा साफ करत बसावं लागतं.

रॅमने दिलेलं उत्तर

‘डीडी’ ही कमांड हाताशी असते, म्हणून सगळे तिच्यापासून सुरुवात करतात. शून्यांची एक गठ्ठा फाइल लिहायला सांगितली की उत्तर येतं: सेकंदाला ६०० एमबी! मेमरी कार्डावर हे शक्यच नाही. लिनक्स लिहायची माहिती आधी रॅममध्ये ठेवतं आणि सवडीने कार्डावर पाठवतं. अशी न पाठवलेली माहिती मोकळ्या रॅमच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत साचू देण्याची मूळ मुभा आहे, म्हणजे आठ जीबीच्या बोर्डावर दीड जीबीच्या आसपास. त्याहून लहान फाइल लिहून घेतलेला वेग हा रॅमचा वेग. ‘डीडी’ला ‘एफडेटासिंक’ हा पर्याय दिला की ती शेवटी सगळं कार्डावर उतरेपर्यंत थांबते आणि मगच वेळ सांगते. हा पर्याय न लावता घेतलेला लेखनाचा कुठलाही आकडा ग्राह्य धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचनातही तेच होतं. नुकतीच लिहिलेली फाइल लगेच वाचली तर ती रॅममधूनच येते. वाचण्याआधी ‘सिंक’ चालवून मग कर्नलच्या ‘ड्रॉप कॅशेस’ या फाइलमध्ये ३ लिहा, किंवा रॅमच्या दुप्पट आकाराची फाइल घ्या. ‘एचडीपार्म’ कमांडचे दोन पर्याय शेजारीशेजारी दिले जातात: मोठ्या ‘टी’चा आकडा रॅमचा, लहान ‘टी’चा आकडा डिस्कचा. आणि तोही फक्त सलग वाचनाचा, सुमारे तीन सेकंदांचा. चाचणीची फाइल ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये बनवण्याची सवय असेल तर ती सोडा. डेबियन १३पासून हे फोल्डर मूळ मांडणीत रॅममध्येच असतं.

शून्यांबद्दलही सावध राहावं. फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर एक जीबी शून्यं दाबून नगण्य होतात आणि कार्डावर जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही.

एफआयओ

खरं मोजमाप करायचं तर ‘एफआयओ’ला पर्याय नाही. लिनक्स कर्नलचा साठवणीचा भाग सांभाळणारे येन्स आक्सबो यांनी तो लिहिला आहे. पर्यायांची संख्या बघून लोक बिचकतात, पण आपल्याला त्यातले सात-आठच लागतात.

पहिल्याच चाचणीआधी एक इशारा. ‘फाइलनेम’ या पर्यायात फाइल सिस्टिमवरच्या एखाद्या नव्या फाइलचं नाव द्या. तिथे ‘डेव्ह’ फोल्डरमधलं कार्डाचं किंवा डिस्कचं नाव देऊन लेखनाची चाचणी चालवली, तर एफआयओ त्या डिस्कवर सरळ लिहीत सुटेल आणि त्यावरचं सगळं जाईल. तो विचारणार नाही.

आता चाचणी. ‘आरडब्ल्यू’ला ‘रँडराइट’ द्या, म्हणजे विखुरलेलं लेखन. ‘बीएस’ला चार के. ‘साइज’ एक किंवा दोन जीबी. ‘डायरेक्ट’ला १, म्हणजे रॅममधली साठवण टाळून विनंती थेट जाईल. ‘रनटाइम’ ६० सेकंद, आणि सोबत ‘टाइम बेस्ड’, म्हणजे फाइल संपली तरी वेळ पूर्ण होईपर्यंत चाचणी चालेल. ‘आयओडेप्थ’ला १. शेवटचा पर्याय समजून घेण्यासारखा आहे. एका वेळी किती विनंत्या रांगेत सोडायच्या, ते तो ठरवतो. एनव्हीएमईच्या जाहिरातीतले लाखांचे आकडे ३२ किंवा त्याहून लांब रांगेवर घेतलेले असतात. घरातल्या छोट्या सर्व्हरवर रांग क्वचितच दोन-तीनच्या पुढे जाते. लांब रांगेवर मोजायचंच असेल तर ‘आयओइंजिन’ला ‘लिबएआयओ’ द्यावं लागतं. साध्या ‘पीसिंक’ इंजिनावर रांग ३२ लिहिली तरी ती एकाचीच राहते, आणि आकडा जागचा का हलत नाही हे कळत नाही.

यानंतर हीच चाचणी ‘एफसिंक’ला १ देऊन पुन्हा चालवा. या लेखातलं एकच मोजमाप करायचं ठरवलंत तर हे करा. डेटाबेस जेव्हा ‘नोंद झाली’ म्हणतो, तेव्हा त्याने साठवणीकडून कबुली घेतलेली असते: वीज गेली तरी ही नोंद राहील. ती कबुली मागणं म्हणजे एफसिंक. प्रत्येक लेखनानंतर कबुली मागितली की कार्डाचा आकडा कित्येक पटींनी कोसळतो, आणि डेटाबेसचा अनुभव ठरतो तो या कोसळलेल्या आकड्यावर. दोन कार्डं साध्या चाचणीत सारखी दिसतात आणि या चाचणीत त्यांची फारकत होते. एसक्यूलाइटवर चालणारा प्रोग्राम असेल तर त्याला ‘वॉल’ मोडमध्ये ठेवून आणि ‘सिंक्रोनस’ला ‘नॉर्मल’ देऊन कबुल्यांची संख्याच कमी करता येते. वीज अचानक गेली तर शेवटच्या काही नोंदी हुकू शकतात, डेटाबेस मात्र बिघडत नाही. हा बदल नवं कार्ड घेण्याआधी करून बघण्यासारखा आहे. पैसा लागत नाही.

एफआयओच्या उत्तरात सगळ्यांची नजर जाते ती ‘आयओपीएस’वर, म्हणजे सेकंदाला किती विनंत्या पुऱ्या झाल्या त्यावर. त्याच्या खाली विलंबाचा तक्ता असतो, तिथे थांबा. ५० टक्के विनंत्या किती वेळात झाल्या, ९९ टक्के किती वेळात, ९९.९ टक्के किती वेळात, हे त्यात असतं. एसडी कार्डातला छोटा कंट्रोलर मध्येच जुने तुकडे गोळा करून जागा साफ करायला बसतो आणि तेवढा वेळ सगळं थबकतं. सरासरी चांगली, निम्म्या विनंत्या दोन मिलिसेकंदांत पूर्ण, आणि ९९.९ टक्क्यांच्या ओळीला आकडा सेकंदाच्या घरात. माऊस हलतो पण खिडकी उघडत नाही, तो क्षण या ओळीत असतो. दोन कार्डांतून निवडायचं झालं तर मी सरासरी थोडी कमी असलेलं पण ही ओळ आटोक्यात ठेवणारं कार्ड घेईन.

स्वस्त एसएसडीच्या बाबतीत ६० सेकंद पुरत नाहीत. त्यांच्यात थोडा भाग वेगवान साठवणीसारखा वापरला जातो; तो भरेपर्यंत वेग झकास, भरल्यावर एकदम घसरण. मोठ्या फाइली लिहिणार असाल तर वेग खाली येऊन स्थिर होईपर्यंत चाचणी चालू ठेवा. यूएसबीचं जोडणीचं खोकंही तपासा: ते ‘यूएएस’ या नव्या पद्धतीने बोलतं की जुन्या पद्धतीने, हे कर्नलच्या नोंदीत दिसतं. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच विनंती जाते. काही खोक्यांचे कंट्रोलर मात्र यूएएसवरच अडखळतात, आणि त्यांच्यासाठी ते मुद्दाम बंद ठेवावं लागतं.

चाचण्यांनी फ्लॅश झिजतो. सेकंदाला दोन एमबी या बेताच्या वेगानेही आठ तासांत ५७ जीबी लिहिलं जातं, आणि चार केबीच्या प्रत्येक तुकड्यासाठी कार्डाला आत बरंच जास्त लिहावं लागतं. रात्रभर चाचणी लावून झोपू नये.

फाइल सिस्टिमची तुलना

एक्स्ट४, एफटूएफएस आणि बीटीआरएफएस यांची तुलना करायची असेल तर तेच कार्ड, तेच पार्टिशन, आणि प्रत्येक वेळी नव्याने फॉरमॅट केलेलं. एक्स्ट४ दर पाच सेकंदांनी आपलं जर्नल पक्कं करतं. जुनं, खात्रीचं आणि दुरुस्तीची साधनं भक्कम असलेलं आहे. सॅमसंगमध्ये तयार झालेलं एफटूएफएस २०१३मध्ये लिनक्सच्या ३.८ कर्नलमध्ये आलं. विखुरलेली लेखनं एकापाठोपाठ एक लावून लिहायची, अशी त्याची रचना आहे, आणि साध्या कंट्रोलरच्या कार्डाला नेमकं तेच सोपं जातं. विखुरलेल्या लेखनात ते एक्स्ट४पेक्षा पुढे गेलेलं दिसलं तर आश्चर्य नाही. बीटीआरएफएस जुन्या जागी न लिहिता प्रत्येक बदल नव्या जागी लिहितं. त्यामुळे डेटाबेसच्या फाइलीचे पुष्कळ तुकडे होतात. त्याचं कॉम्प्रेशन मात्र संथ कार्डावर खरोखर उपयोगी पडतं, कारण प्रोसेसर माहिती दाबतो त्याहून कार्ड ती संथ लिहितं. हा फायदा मोजायला एफआयओचा बनावट डेटा नको, स्वतःच्या फाइली घ्या.

वरच्या चाचण्यांत एफआयओ एकाच मोठ्या फाइलीत काम करतो, त्यामुळे फाइल सिस्टिमची खरी मेहनत त्यात दिसत नाही. हजारो छोट्या फाइली तयार करणं, शोधणं, पुसणं यासाठी लिनक्स कर्नलचा सोर्स उलगडून बघावा. इथे खुबी अशी की ‘एक्सझेड’ दाबलेली फाइल थेट उलगडली तर बहुतेक वेळ प्रोसेसर खातो. आधी ती साधी ‘टार’ करून घ्या, चार-आठ जीबी रॅम असेल तर रॅममधल्या फोल्डरमध्ये ठेवा, तिथून कार्डावर उलगडा आणि शेवटचं ‘सिंक’ धरून वेळ मोजा. मग कॅश रिकामी करून सगळ्या फाइलींतून एखादा शब्द शोधा, शेवटी सगळं पुसा. तिन्ही वेळा वेगवेगळ्या लिहा. विंडोजवरून आणलेली एनटीएफएस डिस्क असेल तर चाचणी चालू असताना प्रोसेसरकडेही लक्ष ठेवा. ‘एनटीएफएस-३जी’ हा जुना ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालतो आणि प्रोसेसरच आधी दमतो.

वेग वाढवण्यासाठी एक्स्ट४चे ‘बॅरिअर’ बंद करा असा सल्ला कुणी दिला, तर तो घेऊ नका. आकडे खरंच उसळतात, पण साठवणीची कबुली न घेताच. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते आणि बोर्डाला बॅटरी नाही, तिथे त्याची किंमत म्हणजे सगळी फाइल सिस्टिम. ‘नोएटाइम’ लावणं मात्र निर्धोक आहे: फाइल नुसती वाचल्याची नोंद लिहिणं त्याने थांबतं.

आकडे वाचताना

प्रत्येक चाचणी पाच वेळा घ्या आणि मधला आकडा धरा, सर्वोत्तम नव्हे. पाच वेळांतच आकडे १५ टक्क्यांनी वरखाली होत असतील, तर दोन कार्डांतला १० टक्क्यांचा फरक म्हणजे फरक नाहीच. एकक तपासा: ‘डीडी’ दहा लाख बाइटचा एमबी धरते, एफआयओ आधी १०,४८,५७६ बाइटचा सांगतो, आणि यातच जवळपास पाच टक्के जातात.

कार्डावरच्या ‘ए१’ खुणेचा अर्थ चार केबीची किमान १,५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं दर सेकंदाला. ५०० लेखनं म्हणजे दोन एमबी! ‘ए२’ला ४,००० आणि २,००० अपेक्षित आहेत, पण ते तेव्हाच, जेव्हा बोर्डही विनंत्यांची रांग आणि कार्डाची कॅश वापरू शकतो. पाय ४ ते करत नाही, म्हणून त्यावर ए२ कार्ड ए१पेक्षा मागे पडू शकतं. नुसतं ‘कार्ड चालण्याजोगं आहे का’ एवढंच बघायचं असेल तर रास्पबेरी पाय ओएसमधली ‘डायग्नॉस्टिक्स’ ही चाचणी ए१चेच आकडे कसोटी म्हणून लावते. काही मिनिटांत उत्तर मिळतं. आकडे अगदीच खालचे आले तर कार्ड बनावट आहे का तेही बघा. ‘एफ३’ हा प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून परत वाचतो, आणि ६४ जीबी छापलेल्या कार्डात आठच जीबी असतील तर ते उघडं पडतं.

आकड्यांशेजारी बोर्डाचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती, कार्डाचं नाव आणि क्षमता, फाइल सिस्टिम आणि तिचे माउंटचे पर्याय, तापमान आणि अडॅप्टर कुठला, एवढं लिहा. त्याच नावाची ३२ आणि १२८ जीबीची कार्डं आतून वेगळी असतात, म्हणून क्षमता विसरू नका. एफआयओला उत्तर ‘जेसन’ स्वरूपात द्यायला सांगून ती फाइल त्या कार्डावर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर ठेवा. सहा महिन्यांनी तेच कार्ड मंद वाटलं, तर त्याच पर्यायांनी पुन्हा चाचणी घेऊन एफसिंकचा आकडा आणि ९९.९ टक्क्यांची ओळ जुन्या फाइलीशी ताडून बघता येईल. तोवर आकडा निम्म्यावर आला असेल तर कार्डाची आजच प्रत काढा, आणि डेटाबेस यूएसबीवरच्या एखाद्या साध्या साटा एसएसडीवर हलवा. सिस्टिम नव्या कार्डावरून सुरू झाली तरी चालेल.